सामने बघून हात बसतो का?

शिरपूर तालुक्यातल्या एका गावातून एका मुलाने विचारलं आहे: "मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. दोन वर्षांपासून बीजीएमआय (बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया, फोनवरचा बंदुकांचा गेम; शेवटपर्यंत जिवंत राहणारी टीम जिंकते) खेळतो. रोज तीन-साडेतीन तास मोठ्या स्पर्धांचे सामने आणि खेळाडूंचे स्ट्रीम बघतो, खेळायला तासभरच मिळतो. डाव सगळे कळतात, कोणती टीम कुठे चुकली ते सांगता येतं. पण स्वतः खेळताना वर्षापूर्वी जिथे होतो तिथेच आहे. बघणं बंद करून तो वेळ खेळायला देऊ का? वडील केळीचे शेतकरी आहेत. ते म्हणतात, दुसराना खेय दखीसन तुले काय भेटस? (दुसऱ्याचा खेळ बघून तुला काय मिळतं?)"

भाऊ, 2006 पासून तेरा वर्षं मी भुसावळला गेमिंग कॅफे चालवला. कॅफे बंद झाल्यावर पोरांच्या टीमना शिकवतो आणि छोट्या-मध्यम स्पर्धांमध्ये ऑब्झर्व्हर म्हणून बसतो. म्हणजे प्रेक्षकांना पडद्यावर कोणता खेळाडू दिसावा हे ठरवणारा माणूस मी. "कळतं सगळं, पण हातून होत नाही" ही तक्रार मी इतक्या पोरांच्या तोंडून ऐकली आहे की तुझी अडचण मला तुझा खेळ न बघताही बरीचशी दिसते.

आधी थेट उत्तर. बघणं बंद करू नकोस. पण आज ज्या रीतीने बघतोस त्यातलं एक मिनिटही सरावात धरू नकोस. ती करमणूक आहे. करमणूक वाईट नाही, त्यावर पुढे बोलतो. पण साडेतीन तास बघून "आज साडेतीन तास खेळावर मेहनत केली" असं मनाला वाटत असेल, तर तिथेच तुझं वर्ष गेलं आहे.

कॅफेतली गोष्ट सांगतो. आठ कॉम्प्युटर, काउंटर-स्ट्राइक 1.6 हा दोन टीमचा बंदुकांचा गेम, तासाला पंधरा रुपये. आठ खुर्च्यांवर आठ पोरं आणि त्यांच्या मागे दहा-बारा उभी. कुणाकडे पैसे नसायचे, कुणी नंबर लागायची वाट बघायचं. त्या गेममध्ये एकदा मेलं की राउंड संपेपर्यंत दुसऱ्यांचा खेळ बघत बसावं लागतं. म्हणजे जो सगळ्यांत कच्चा तो सगळ्यांत आधी मरतो आणि सगळ्यांत जास्त वेळ बघतो. नुसतं बघून खेळ येत असता, तर कॅफेतली सगळ्यांत कच्ची पोरं महिन्याभरात सगळ्यांच्या पुढे गेली असती. तसं कधीच झालं नाही.

पण एक पोरगा वेगळा निघाला. रेल्वे क्वार्टरमधला होता, पैसे नसायचे, अडीच महिने नुसता खुर्चीमागे उभा राहायचा. डस्ट टू हा नकाशा त्याने जवळजवळ न खेळता पाठ केला होता. त्याची एक सवय मी तेव्हा पाहिली, तिचा अर्थ मला पुष्कळ वर्षांनी लागला. राउंड सुरू झाला की तो शेजारच्याला हळूच सांगायचा, "आता हे बीवरून येतील." बी म्हणजे नकाशावरची एक जागा. आले तर काही बोलायचा नाही. नाही आले तर खेळणाऱ्याला राउंड संपल्यावर विचारायचा, "तू तिकडे का गेला?" दिवाळीत मामाने पैसे दिले तेव्हा तो पहिल्यांदा सलग खेळायला बसला. पहिला आठवडा प्रत्येक राउंडला मेला. माऊस हातात राहत नव्हता, नेम दोन हात बाजूला जायचा. पण तो मरायचा ती जागा बरोबर असायची! चुकीच्या जागी चांगला नेम घेऊन मरणारे आमच्याकडे ढिगाने होते. योग्य जागी वाईट नेमाने मरणारा तो एकटाच. चौथ्या आठवड्यात हात थोडा बसला आणि मग त्याला धरणं कुणाला जमलं नाही.

त्याच्याच शेजारी तितकेच महिने उभा राहणारा दुसरा मुलगा चांगल्या शॉटला टाळ्या वाजवायचा, ओरडायचा, मनापासून आनंद घ्यायचा. खुर्चीत बसल्यावर मात्र त्या अडीच महिन्यांचा त्याला काहीच उपयोग झाला नाही. दोघांनी तेच पडदे, तितकाच वेळ बघितले होते. फरक एवढाच की पहिला पुढे काय होणार हे आधी ठरवायचा, मग बघायचा. दुसरा आधी बघायचा आणि मग "मला वाटलंच होतं" म्हणायचा.

तू या दुसऱ्यासारखा बघतोस, असा माझा अंदाज आहे. त्यात तुझा दोष कमी आणि स्पर्धांच्या प्रक्षेपणाचा जास्त. हे मी ते प्रक्षेपण ज्या खुर्चीतून होतं तिथे बसून सांगतो.

सामना चालू असताना माझ्या पडद्यावर काय असतं ते बघ. सोळा टीम, चौसष्ट खेळाडू, एरँगेल नावाचा आठ बाय आठ किलोमीटरचा नकाशा, त्यावर प्रत्येक टीमचं चिन्ह. कुणाची तब्येत किती उरली, कोण नॉक (जखमी होऊन खाली पडलेला) आहे, कुणाकडे स्मोक (धुराचे बॉम्ब) शिल्लक आहे, सगळं मला दिसतं. भिंतीमागे बसलेल्या खेळाडूचीही आकृती दिसते. रिजच्या, म्हणजे टेकडीच्या धारेच्या, पलीकडे दोन टीम दबा धरून बसल्या आहेत आणि अलीकडून तिसरी बेसावध जीप घेऊन येते आहे, हे मला दहा सेकंद आधी कळतं म्हणून मी कॅमेरा तिकडे नेतो. तू घरी बसून जीप येताना बघतोस आणि म्हणतोस, "अरे, इकडे कशाला येता, समोर दोन टीम आहेत!"

त्या जीपमधल्या चौघांना यातलं काहीच दिसत नाही. त्यांना दिसतो रस्ता, डावीकडचं रिकामं दिसणारं कंपाउंड, लहान नकाशावरचं पांढरं वर्तुळ (पुढे सुरक्षित राहणारी, दर वेळी लहान होत जाणारी जागा) आणि मागून सरकत येणारा निळा झोन (त्यात सापडलं की तब्येत घटत जाते). त्यांच्या आयजीएलला (खेळताना टीमचे निर्णय घेणाऱ्याला) चार सेकंदांत ठरवायचं असतं: रिजवर चढायचं की कंपाउंडमध्ये घुसायचं की वळसा घालायचा. पाच मिनिटांपूर्वी कुठून गोळीबार ऐकू आला, किल फीडमध्ये (कुणी कुणाला मारलं ते सांगणाऱ्या पडद्यावरच्या ओळींमध्ये) कोणत्या टीमचे किती गेले, त्यावरून तिथे कुणी असेल का याचा तो अंदाज बांधतो. हा खेळाचा गाभा आहे, आणि प्रक्षेपणात नेमका तोच दिसत नाही. प्रेक्षकाला उत्तर आधी दिसतं, म्हणून प्रश्न सोपा वाटतो. पायांचे आवाज समालोचकाच्या आवाजाखाली बुडतात, टीममधलं बोलणं बहुतेक वेळा ऐकू येत नाही. त्यात मोठ्या स्पर्धांचं प्रक्षेपण मुद्दाम काही मिनिटं उशिराने सोडतात, नाहीतर कुणीतरी पडद्यावर बघून खेळाडूला शत्रूची जागा कळवेल. प्रेक्षकाला जे दिसतं त्याची किंमत खेळणाऱ्यासाठी किती असते, हे आयोजकांना पक्कं ठाऊक आहे.

तुझ्या "सगळं कळतं" चं मूळ इथे आहे. तुला कळतं ते वरून बघणाऱ्याला कळतं तसं. खेळताना तू खाली असतोस.

या आभासावर एक अभ्यास झालेला आहे. शिकागो विद्यापीठातल्या मायकेल कार्डास आणि एड ओब्रायन यांनी 2018 मध्ये तो प्रसिद्ध केला. लोकांना एखादी कसरत करणाऱ्याचा व्हिडिओ दाखवायचा, काहींना एकदा, काहींना वीस वेळा: टेबलावरची भांडी न पाडता खालचं कापड खेचून घेणं, भिंतीवरच्या चक्रावर डार्ट मारणं असे प्रकार. वीस वेळा बघितलेल्यांना आपल्याला हे जास्त चांगलं जमेल असा भरवसा वाटला. डार्टसारखे प्रकार प्रत्यक्षात करायला लावल्यावर एकदा बघितलेल्यांपेक्षा ते काही सरस ठरले नाहीत. त्यातला मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटलेला भाग असा: हवेत पिना फेकून झेलण्याचा व्हिडिओ बघितल्यावर त्या पिना नुसत्या हातात धरायला दिल्या, फेकायच्याही नाहीत, तरी तो फुगलेला भरवसा खाली आला. हाताला वजन कळलं की डोळ्याला आपली मर्यादा कळते.

म्हणून माझ्याकडच्या पोरांसाठी मी क्रम ठरवून दिला आहे: आधी खेळ, मग बघ. सामना हरलास की जिथे मेलास तिथे एक प्रश्न तयार होतो. तो प्रश्न घेऊन बघायला बस. बिनप्रश्नाचं बघणं म्हणजे पाट फुटून पाणी बांधावरून वाहून जाणं. रान भिजत नाही.

तुझ्या वडिलांचंच उदाहरण घे. केळीच्या बागेतून चालताना ते लांबून घड बघतात आणि सांगतात, हा पुढच्या आठवड्यात कापायचा, हा अजून थांबेल. फळाच्या कडा किती बोथट झाल्या, गोलाई किती आली, एवढंच ते बघतात आणि क्षणात ठरवतात. मला त्याच बागेत दहा वर्षं नुसतं फिरवलं तर ते दिसेल का? त्यांनी हजारो घड कापले आहेत, लवकर कापून नुकसान सोसलं आहे, उशिरा कापून गाडीत पिकलेलं बघितलं आहे. तो तोटा त्यांच्या डोळ्यांत आहे. त्यामुळे आता त्यांचं नुसतं बघणं हेही काम असतं. त्यांनी तुला विचारलेला प्रश्न खोटा नाही. फक्त त्याचं उत्तर त्यांच्या स्वतःच्या बागेत आहे.

आता बघायचं कसं, ते नीट सांगतो.

थेट प्रक्षेपण नको, झालेल्या सामन्याचं रेकॉर्डिंग घे, म्हणजे थांबवता येतं. शक्य असेल तर एखाद्या खेळाडूच्या स्वतःच्या पडद्याचं रेकॉर्डिंग शोध. पुष्कळ मोठे खेळाडू ते टाकतात आणि त्यात टीमचं बोलणंही ऐकू येतं. एकच खेळाडू निवड, आणि तो तुझ्या टीममधल्या तुझ्या भूमिकेचा असू दे. तू मागे राहून सपोर्ट देत असशील तर रोज टीव्हीवर गाजणारा पुढचा फायटर बघून तुला काय मिळणार? इअरफोन लाव. प्रत्येक नवं पांढरं वर्तुळ आलं की व्हिडिओ थांबव. वहीत लिही: मी असतो तर कुठून, कशाने, कधी गेलो असतो, आणि मला काय माहीत नाही. हा शेवटचा भाग सोडू नकोस. "डावीकडच्या कंपाउंडमध्ये कुणी आहे की नाही माहीत नाही" असं शब्दांत लिही. मग व्हिडिओ पुढे सोड. त्याने वेगळं केलं असेल तर का, ते शोध. उत्तर सापडलं नाही तर पुढे जाऊ नकोस, पाच मिनिटं मागे जा. कारण बहुतेक वेळा मागेच पडलेलं असतं, एखाद्या किल फीडच्या ओळीत किंवा लांबून आलेल्या गाडीच्या आवाजात.

या रीतीने अर्ध्या तासाच्या सामन्याला दीड तास लागतो. डोकं दमतं. दमलं नाही तर समज, तू परत प्रेक्षक झालास.

पोरं एक गोष्ट नेहमी चुकीची उचलतात, ती इथेच सांगतो. बीजीएमआयच्या मोठ्या स्पर्धांत पहिल्या क्रमांकाला 10 गुण, दुसऱ्याला 6, तिसऱ्याला 5, असे खाली उतरत आठव्यापर्यंत गुण आणि प्रत्येक फिनिशला (शत्रूच्या एका खेळाडूला बाद केल्याला) 1 गुण, ही पद्धत रुळली आहे. या गणितामुळे चांगल्या टीम बराच वेळ काहीही करत नाहीत. वर्तुळाच्या काठावरचं घर धरून चौघं चार दिशांना बघत बसतात. ऑब्झर्व्हर म्हणून मी तिथे कॅमेरा ठेवत नाही, कारण प्रेक्षक कंटाळतील. मी भांडण शोधत फिरतो. मग हायलाइट बनवणारा त्या भांडणांतलीही सगळ्यांत थरारक वीस सेकंद उचलतो. तुझ्यापर्यंत येईपर्यंत अर्ध्या तासाच्या सामन्यातली शांतता पूर्ण गळून गेलेली असते. ते बघून तू रँकच्या सामन्यात उतरल्या उतरल्या पोचिंकी गावात चौघांवर एकटा धावून जातोस. जिंकणाऱ्या टीमने तिथे बसून राहणं निवडलं असतं. तेव्हा हायलाइट बघून डाव शिकू नकोस. पूर्ण सामना बघ, आणि कॅमेरा जिकडे नाही तिकडच्या टीम काय करत असतील ते नकाशावर शोध.

एरँगेलवरच्या मिलिटरी बेसचं उदाहरण देतो, ते तुला लगेच पटेल. बेस समुद्रापलीकडच्या बेटावर आहे, मुख्य भूमीकडे यायला दोन पूल. लूट भरपूर. वर्तुळ उत्तरेला गेलं की तिथे उतरलेल्या टीमला पूल ओलांडावा लागतो आणि पुलाच्या तोंडाशी कुणी बसलं असेल तर खेळ तिथेच संपतो. वरून बघणाऱ्याला पूल मोकळा आहे की नाही हे दिसतं. खेळणाऱ्याला वर्तुळ दिसल्याच्या पहिल्या मिनिटाला निघायचं की लूट पूर्ण करायची हे ठरवावं लागतं. पुढच्या वेळी असा प्रसंग आला की व्हिडिओ पुलाजवळ थांबवू नकोस, वर्तुळ उमटलं तिथे थांबव. चूक तिथे झालेली असते. पुलावर तिचं फळ मिळतं.

बघण्याने काय येतं आणि काय येत नाही हे खेळागणिक बदलतं. चेस आणि सायमन यांचा 1973 चा बुद्धिबळावरचा प्रयोग यासाठी समजून घेण्यासारखा आहे. पटावरची स्थिती पाच सेकंद दाखवायची आणि मग आठवून मांडायला सांगायचं. खऱ्या डावातली स्थिती असली की उस्ताद नवख्यापेक्षा कितीतरी जास्त सोंगट्या बरोबर मांडायचा. सोंगट्या कशाही विखुरलेल्या असल्या की त्याचा फायदा जवळजवळ नाहीसा व्हायचा. उस्तादाची स्मरणशक्ती मोठी नसते, त्याने डावांचे आकार साठवलेले असतात. ज्या खेळात विचार करायला वेळ मिळतो तिथे हे आकार बघूनही बरेच साठतात. 2018 च्या जकार्ता एशियाडमध्ये ई-स्पोर्ट्स (व्हिडिओ गेमच्या स्पर्धा) प्रदर्शनीय प्रकार म्हणून होते, तेव्हा कच्छमधल्या भूजच्या तीर्थ मेहताने हार्थस्टोनमध्ये कांस्यपदक आणलं. हार्थस्टोन पत्त्यांचा, आलटून पालटून चाल करण्याचा खेळ आहे. अशा खेळात दुसऱ्यांचे डाव बघून, थांबवून, आपली चाल ठरवून माणूस खूप पुढे जाऊ शकतो.

बीजीएमआय अर्धा तसा आहे आणि अर्धा अजिबात नाही. कुठे जायचं, केव्हा निघायचं, कोणतं घर धरायचं, हा अर्धा बघून शिकता येतो. समोर माणूस दिसल्यावर पहिल्या अर्ध्या सेकंदात जे होतं ते फक्त बोटं शिकतात. रिकॉइल (गोळीबारात वर उडणारी बंदूक) खाली ओढणं, जायरोसाठी (फोन हलवून नेम धरण्यासाठी) मनगट वळवणं, झाडाआडून पीक करून (डोकावून) परत आत येणं हे बघून येत नाही. वीस वेळा नाही, दोन हजार वेळा बघूनही नाही. त्यासाठी रोज खेळायच्या आधी पाऊण तास गेममधलं ट्रेनिंग ग्राउंड, एकच बंदूक, एकच अंतर. आज एम 416 तर आठवडाभर एम 416. कंटाळवाणं आहे, आणि याला दुसरा रस्ता मला सापडलेला नाही.

मोठ्या खेळाडूचा सेन्सिटिव्हिटी कोड (बोट फिरवल्यावर नेम किती वेगाने सरकतो याची सेटिंग) उचलून टाकणं हीही बघण्यातून लागलेली खोड. त्याचा फोन वेगळा, हाताचा पंजा वेगळा, तो चार बोटांनी खेळतो, तू दोन अंगठ्यांनी. कोड घेतलास तर महिनाभर बदलू नकोस. माझ्याकडे आलेल्या एका मुलाने तीन महिन्यांत अकरा वेळा बदलला होता; त्याच्या हाताने काय लक्षात ठेवायचं?

आपल्या भागाचं एक वेगळं गणित आहे. एप्रिल-मेमध्ये दुपारी पारा 44-45 वर असतो, पत्र्याच्या खोलीत तर विचारूच नकोस. फोन तापला की स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतो, फ्रेम पडतात म्हणजे चित्र अडखळतं, आणि तुला वाटतं आपला नेम बिघडला. अशा दुपारी खेळलेला तास हाताला चुकीची सवय लावतो. उन्हाळ्यात खेळ पहाटे किंवा रात्री, चार्जिंगला लावलेला फोन हातात न घेता. दुपार बघण्याची आणि वहीची. डेटाचंही उलटं आहे. खेळायला डेटा फार थोडा लागतो, तर चांगल्या दर्जाचा व्हिडिओ तासाला जीबीभर खातो. डेटा वाचवायला पोरं दर्जा इतका खाली आणतात की लहान नकाशा वाचता येत नाही. मग बघायचं ते बघताच येत नाही, उरतो नुसता गोंगाट. त्यापेक्षा अर्धाच सामना बघ, पण स्पष्ट बघ.

आणि सगळ्यांत मोलाचं बघणं राहिलंच: स्वतःचा खेळ. फोनच्या स्क्रीन रेकॉर्डरवर आपला सामना साठव आणि दुसऱ्या दिवशी बघ, त्याच दिवशी नको, राग असतो. माझ्याकडे येणारी निम्मी पोरं हे टाळतात. मोठ्या खेळाडूचा व्हिडिओ बघताना छान वाटतं, स्वतःचा बघताना पोटात गोळा येतो. पण मेलास त्याच्या आधीची तीस सेकंदं तीन वेळा बघितलीस तर तुला दिसेल की ज्या माणसाने तुला मारलं त्याच्या पायांचा आवाज त्या रेकॉर्डिंगमध्ये आहे. तू तेव्हा लूट उचलत होतास. हे तुला कुठलाही स्पर्धेचा सामना दाखवणार नाही.

तुझ्या वेळेची मांडणी मी अशी करीन. रोज साडेचार तास तू या खेळाला देतो आहेस. दुसऱ्या वर्षाला ते जास्त आहेत, तीनवर आण. त्यात पाऊण तास हाताचा सराव आणि दोन सामने, मिळून पावणेदोन तास. चाळीस मिनिटं स्वतःचं रेकॉर्डिंग. उरलेला वेळ वही घेऊन दुसऱ्याचा सामना, रोज पूर्ण झाला नाही तरी चालेल, दोन-तीन दिवसांत संपव. परीक्षेच्या महिन्यात हात सुटू नये म्हणून फक्त ट्रेनिंग ग्राउंडची वीस मिनिटं. तुझ्या टीममध्ये अठरा वर्षांखालचं कुणी असेल तर त्याला गेमच दिवसाला तीन तासांवर खेळू देत नाही, त्याच्या वेळेप्रमाणे स्क्रिम (सरावाचे सामने) लावा. आणि सामना बघता बघता "कोण जिंकेल त्यावर पैसे लावा" म्हणणारं कुणी भेटलं तर तिथून उठ. 2025 च्या केंद्राच्या कायद्याने ई-स्पोर्ट्सला मान्यता दिली आणि पैसे लावायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली. दोन्ही गोष्टी वेगळ्या आहेत आणि वेगळ्याच ठेव.

आता बघण्याच्या आनंदाबद्दल. आठवड्यातून एक संध्याकाळ वही न घेता बघ. अंतिम फेरी असेल तर मित्रांना बोलाव, ओरडा, टाळ्या वाजवा. कोरियात 2000 सालापासून गेमिंगसाठी स्वतंत्र टीव्ही वाहिनी होती; स्टारक्राफ्ट या गेमचे सामने बघायला माणसं जमायची, आणि त्यातल्या बहुतेकांना खेळाडू व्हायचं नव्हतं. आपल्या यात्रांमध्ये कुस्त्यांची दंगल बघायला चार गावांची माणसं येतात. आखाड्याभोवती बसलेल्या त्या माणसांत लंगोट लावलेले किती असतात? तरी पट काढला की शेवटच्या रांगेतला म्हातारा उठून उभा राहतो आणि फेट्यातला रुपया काढून पैलवानाला देतो. त्या म्हाताऱ्याला काय मिळालं, असं तुझे वडील कधी विचारणार नाहीत, कारण बहुधा लहानपणी तेही तिथे बसलेले असतील. त्यांना एकदा शेजारी बसवून शेवटचं वर्तुळ दाखव. कोण कुणाच्या मागे आहे एवढंच सांग, बाकी त्यांचं त्यांना कळेल.

पहिले पंधरा दिवस तुझे फिनिश कमी होतील. जिथे तू धावत सुटायचास तिथे थांबायला लागशील म्हणून ते होईल, घाबरू नकोस. फिनिश मोजूच नकोस. दर दहा सामन्यांत शेवटच्या पाच टीममध्ये किती वेळा होतास, ते लिही. आणि प्रत्येक मरणाला एक ओळ: कुठे, कुणाकडून, तीस सेकंद आधी काय करत होतो. अशा पन्नास ओळी झाल्या की त्यांत एकच चूक दहा-बारा वेळा आलेली सापडेल. ती मला लिहून पाठव, पुढचं त्यावर बोलू.